दोन महिने घरातले दिवे लुकलुकतायत, बल्ब बदलून झाले, आता काय बघू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या लोकमान्यनगरात दुमजली जुनं घर आहे, तीन फेजचं कनेक्शन आहे (म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा घरात येतात), रात्री आठनंतर दिवे लुकलुकतात, शेजाऱ्यांकडे काही त्रास नाही. वायरमन दोनदा बल्ब बदलून गेला आणि आता म्हणतोय स्टॅबिलायझर घ्या. कृपा करून स्टॅबिलायझर घेऊ नका. कुठे लूज कनेक्शन असेल तर ते तसंच तापत राहील, फक्त तुम्हाला दिसायचं बंद होईल.

मी पीथमपूरला एका कारखान्यात वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतोय. तरी आमच्या रामबागेतल्या घरात हाच त्रास झाला तेव्हा मी सुरुवातीला लक्ष दिलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन-तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता, कुठल्या खोलीत, त्या वेळी घरात काय चालू होतं, एवढंच लिहायचं. एकच दिवा लुकलुकत असेल तर दुसऱ्या खोलीतला बल्ब तिथे लावून बघा. त्रास बल्बाबरोबर गेला तर बल्ब खराब, तिथेच राहिला तर होल्डर किंवा बटण. जुन्या होल्डरमधल्या पितळी पिनांची स्प्रिंग बसते आणि बल्ब नुसता टेकून राहतो. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर बहुतेक त्या बटणात छोटा इंडिकेटर असतो. त्यातून झिरपणारा थोडासा करंट एलईडीला पुरतो. यात धोका नाही. एकाच खोलीतलं सगळं लुकलुकत असेल तर त्या खोलीच्या बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समधे बघायचं.

गल्लीतच सगळ्यांकडे होत असेल तर कारण बाहेर, खांबावर नाहीतर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. आपल्याकडे नर्मदेचा नळ आला की घरोघर पाणी ओढायचे छोटे टिल्लू पंप एकदम चालू होतात. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून दिवा एकदा दबतो आणि सावरतो. त्याची काळजी नको. पण वारा सुटला की दिवे फडफडतात, पाऊस आला की जास्तच, असं असेल तर खांबावरचा जोड ढिला आहे. ते वीज कंपनीच्या १९१२ या हेल्पलाइनवर कळवायचं, शिडी लावून स्वतः बघायचं नाही.

तुमचं यातलं काहीच नाही. शेजारी ठीक, तुमचं मात्र वर-खाली सगळंच. म्हणजे गडबड खांबावरून तुमच्याकडे येणाऱ्या केबलपासून तुमच्या डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापर्यंत, कुठेतरी आहे. आणि तीन फेजच्या घरात माझा पहिला संशय न्यूट्रलवर, म्हणजे तिन्ही फेजची वीज परत जायची जी एकच तार असते तिच्यावर.

आमच्याकडे हे आईने पकडलं. ती म्हणाली, "खाली गीझर लावला की वरच्या खोलीतला दिवा जास्त पेटतो रे." मी म्हटलं, कमी होत असेल. ती म्हणाली, "कमी नाही, जास्त." दिवा कमी होण्याची पन्नास कारणं असतील, पण भार वाढल्यावर दुसरीकडचा उजेड वाढतो तेव्हा न्यूट्रलचंच नाव घ्यायचं. तीन फेजमधे प्रत्येक खोलीला २३० व्होल्ट मिळतात ते न्यूट्रल घट्ट जागेवर आहे म्हणून. दोन फेजमधे तर ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल ढिलं झालं की ज्या फेजवर जास्त भार, तिथला व्होल्टेज उतरतो आणि कमी भाराच्या फेजवर चढतो. न्यूट्रल पूर्ण सुटलं तर वरच्या मजल्यावरच्या टीव्हीला, फ्रिजला साडेतीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात. एका घरातल्या सगळ्या वस्तू एका संध्याकाळी जळाल्या असं आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच झालेलं असतं.

दुसरी खूण वासाची होती. मीटरच्या कपाटातून मासळीसारखा वास यायचा. आईला वाटलं पाल मेली असेल, तिने दोनदा कपाट पुसून घेतलं. पाल नव्हती. बटणं, सॉकेट, टर्मिनल ज्या कडक प्लास्टिकची करतात ते तापलं की असाच वास सुटतो. तुमच्याकडे तसा वास येतो का, हे आज रात्रीच बघा.

आमच्या वायरमनचं म्हणणं, "एमसीबी तो गिरा नहीं भैया, मतलब लाइन ठीक है." हा फार मोठा गैरसमज आहे. एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडतो तो करंट जास्त झाल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर. लूज जोडात करंट जास्त होत नाही, उलट जरा कमीच होतो. समजा जोडात फक्त एक ओमचा अडथळा आहे. २,००० वॅटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. तेवढा करंट त्या जोडातून गेला की व्होल्टेज नऊएक व्होल्टने हलतो, दिव्यात जेमतेम कळेल इतकं. पण त्या जोडात उष्णता होते ७५ वॅटची. जुना पिवळा बल्ब हाताला किती चटका द्यायचा आठवतंय ना? तेवढी आग एका स्क्रूखाली, नखाएवढ्या जागेत, भिंतीतल्या लाकडी कपाटात.

चांगल्या एलईडीत व्होल्टेज बराच खाली-वर झाला तरी उजेड तसाच राहतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. कोपऱ्यावरच्या दुकानातून साठचा एक पिवळा बल्ब आणा, वरच्या मजल्यावरच्या टेबल लॅम्पला लावा आणि कोणाला तरी खाली गीझर चालू-बंद करायला सांगा. मग दुसऱ्या फेजवरच्या खोलीत तेच करा. पाच मिनिटांचं काम आहे. कुठेही उजेड वाढताना दिसला की तिथेच थांबा, गीझर पुन्हा लावून बघू नका.

डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असतेच. आमच्याकडे मी कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला बोलावलं होतं. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू त्याने उघडला तर आतलं बेकेलाइट तपकिरी होऊन फुटलेलं. ॲल्युमिनियमच्या केबलचं काळं आवरण दोन बोटं कडक झालेलं, दाबलं की कोळशासारखं पडायचं. स्क्रू हाताने अर्धा फिरला. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं, जोड ढिला होतो, मग हवेने त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि जितका थर तितकं तापणं. पुढे ते वाढतच जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वायरमन नुसता स्क्रू आवळून "हो गया" म्हणाला तर त्याला जाऊ देऊ नका. काळा झालेला भाग कापून चकचकीत तार दिसेपर्यंत मागे यायला सांगा. केबल ॲल्युमिनियमची आणि पुढची तार तांब्याची असेल तर दोन्ही एकत्र पिळायची नाही, बायमेटॅलिक लग (दोन्ही धातूंना चालणारं जोडटोक) लावून क्रिंप करायचं, म्हणजे हत्याराने दाबून घट्ट बसवायचं. जळालेला स्विच किंवा न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या तारा जोडायची पट्टी) बदलायचीच, घासून परत वापरायची नाही. उरलेले सगळे स्क्रूही त्याच वेळी बघून घ्या. आमच्याकडे या सगळ्याला दोन तास लागले. त्या दिवसापासून ना वास, ना लुकलुक.

तुमच्याकडे जोड मीटरच्या आधी, केबलवर किंवा मीटरच्याच टर्मिनलमधे निघाला तर वायरमनला सील तोडू देऊ नका. ते काम वीज कंपनीचं, आणि मीटरशी छेडछाड हा २००३ च्या विद्युत कायद्याखाली गुन्हा आहे. १९१२ वर नुसतं "लाइट लुकलुकते" सांगू नका, "न्यूट्रल लूज आहे, वास येतोय" असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

माणूस येईपर्यंत गीझर, इस्त्री, एसी बंद ठेवा, फ्रिज आणि टीव्हीचे प्लग काढून ठेवा. वास येत असेल किंवा वरचा दिवा वाढत असेल, तर आज रात्री मेन पाडूनच झोपा. आणि काय निघालं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतोय.