‘निःस्वार्थ परोपकार’ ही द्विरुक्ती आहे का?

प्रश्न असा आहे : परोपकारात स्वार्थ नसतोच, मग ‘निःस्वार्थ परोपकार’ हा ‘पिवळा पीतांबर’ झाला नाही का? आणि नाव व्हावे म्हणून एखाद्या डॉक्टरने मोतीबिंदूचे मोफत शिबिर घेतले, तर त्याला परोपकार म्हणावे का?

द्विरुक्ती नाही, आणि परोपकार जरूर म्हणावे. पर + उपकार, म्हणजे दुसऱ्याचे भले. ते कशासाठी केले, हे या शब्दात कुठेच नाही. ज्याला पुन्हा दिसू लागले, त्याच्यावर उपकार झालाच. ‘दान’ही असेच. धर्मशास्त्रात दान म्हणजे वस्तूवरची आपली मालकी सोडून दुसऱ्याची मालकी निर्माण करणे. दान देताना मालकी सोडल्याची खूण म्हणून हातावरून पाणी सोडतात, ‘उदक सोडणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. दानाच्या संकल्पात तर कोणत्या फळासाठी दान करतो आहे, हे उघड उच्चारतात, तरी दान पुरे होते. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानाला गीतेचा सतरावा अध्याय राजस म्हणतो. सात्त्विकाच्या खालचे खरे, पण दानच.

घोटाळा होतो तो ‘स्वार्थ’ या शब्दामुळे. आज मराठीत तो शिवीच्या जवळ गेला आहे. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ ‘स्वतःचे प्रयोजन’ एवढाच होता. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, स्वतःच्या समजुतीसाठी केलेले अनुमान ते ‘स्वार्थानुमान’. त्यात आपमतलबीपणा कसला? भर्तृहरीच्या नीतिशतकात याची फार नेमकी प्रतवारी आहे. स्वार्थ सोडून दुसऱ्याचे काम करतात ते सत्पुरुष. ‘स्वार्थाविरोधेन’, म्हणजे स्वतःच्या हिताला धक्का न लावता करतात ते सामान्य. स्वार्थासाठी दुसऱ्याचे हित बुडवतात ते माणसातले राक्षस. आणि विनाकारण बुडवतात त्यांना काय म्हणावे ते कळत नाही, असे कवी म्हणतो. ‘सामान्य’ हा शब्द इथे मोलाचा वाटतो. दुसऱ्या पायरीवर प्रशंसा कमी होते, निंदा मात्र नाही. निंदा सुरू होते ती दुसऱ्याचे नुकसान झाल्यावर.

मराठी म्हणही तेच सांगते. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ यात कोहळा समोरच्याचा जातो. मोफत तपासणीच्या नावाखाली गरज नसलेली शस्त्रक्रिया गळ्यात मारली, तर ही म्हण लागू. नुसते नाव झाले, तर नाही.

हेतू सांगायचा असेल तर विशेषण जोडावेच लागते. तिथे ‘निरपेक्ष’, ‘निःस्वार्थ’, ‘निष्काम’ सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात, ते मात्र टाळावे. रुग्णाकडून पैसा नको, आभारही नकोत, पण पेपरात नाव हवे : ही सेवा रुग्णापुरती निरपेक्ष आहे, निःस्वार्थ नाही. नावही नको, पण ठरवलेल्या शंभर शस्त्रक्रिया झाल्या नाहीत म्हणून जीव तळमळतो : ही निःस्वार्थ आहे, निष्काम नाही. फळाची आसक्तीच सुटली, मग ते फळ दुसऱ्याच्या पदरात पडणारे का असेना, तरच ‘निष्काम’. बातमीत हा शब्द लिहिण्याआधी थांबून विचार करावा.

स्वार्थाच्या विरुद्ध ‘परमार्थ’ लिहितात, तेही सैलच. परम + अर्थ म्हणजे अंतिम सत्य. त्याची जोडी प्रपंचाशी. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ म्हणणाऱ्या समर्थांनी ती तशीच लावली आहे. स्वार्थाची खरी जोडी ‘परार्थ’.

लेखनाबद्दलही विचारले आहे. ‘निस्वार्थ’ चूक, निः + स्वार्थ यात विसर्ग राहतो. ‘निष्काम’मध्ये मात्र इकारानंतरच्या विसर्गापुढे क आल्याने त्याचा ष् होतो, ‘निष्कपट’, ‘निष्फळ’ यांतल्यासारखा. ‘निःस्वार्थी’ रूढ आहे, पण ‘निःस्वार्थ’ हेच विशेषण असल्याने पुढचा ‘ई’ जास्तीचा. ‘निरपराधी’मध्येही तीच गत. या प्रश्नात द्विरुक्ती शोधायचीच असेल, तर ती या ‘ई’मध्ये सापडेल.