जुनं ड्रिल घेताना

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतून निघालेलं जुनं ड्रिल भंगारवाल्याकडे दिसलं की लगेच भाव करू नकोस. आधी नेमप्लेट शोध. मळलेली असली तर घासू नको, केरोसीनच्या बोळ्याने हलकेच पूस. त्यावरचे व्होल्ट वाच. ११० व्होल्टचं अमेरिकी यंत्र आपल्या २३० वर थेट लावलंस तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जळेल.

नुसत्या मुठीवरून वय सांगता येत नाही. पिस्तुलासारखी मूठ आणि खटक्याचा स्विच असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्येच मिळालं होतं. अंग बघ. ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर बहुधा जुनं, आणि त्याला अर्थिंग हवंच. चौकोनात चौकोन अशी खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, ते नंतरच्या काळातलं.

मग कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे) काढून कॉम्युटेटरवर, म्हणजे ते जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर, टॉर्च मार. सगळीकडे सारखा तपकिरी असेल तर उत्तम. एखाद-दोनच पट्ट्या जळलेल्या दिसल्या तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) गेल्याचा संशय घे. मी पहिल्यांदा चकचकीत रंगाला भुललो आणि आतून जळकं यंत्र घरी आणलं, अजून हळहळ वाटते.

घरी पहिल्यांदा सिरीज बल्ब, म्हणजे ड्रिलच्याच वायरीत मध्ये जोडलेला बल्ब, लावूनच चालव. आणि मूळ रंग खरवडू नकोस रे, कितीही उडालेला असला तरी.