आवरण नव्हे हो, अस्तर!

परळला डॉक्टरकी शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न: 'रोगप्रतिकारक पेशी आतड्याच्या आवरणातल्या विशेष पेशींचा विकास घडवतात' या वाक्यात 'घडवतात' बरोबर, की 'आकार देतात'?

ते बघू. आधी ते 'आवरण' काढा! आरोग्याच्या सदरांत हेच वाचून डोकं उठलंय. आवरण बाहेरून असतं, आणि आतड्याला ते वेगळं आहेच. आतून असतं ते अस्तर. दादरला ब्लाउज शिवायला टाकताना 'आवरण लावा हं' म्हणून बघा, मास्तर टेप गळ्यातच ठेवून तुमच्याकडे बघत बसतील.

'अस्तर फारसी, म्हणून नको' म्हणणारे भेटतात. फारसी आहेच! पण 'स्तृ' म्हणजे पसरणे, त्या मुळाचा हा इराणी भाऊ. घरी राहिलेल्या 'आस्तरणा'चं प्राकृतात 'अत्थरण' झालं नि मराठीत अंथरूण. आपल्याकडे 'स्त' असा झिजतोच: हस्त, हत्थ, हात, प्रस्तर, पत्थर, त्यातूनच पाथरवट. अस्तरातला 'स्त' शाबूत, कारण तो इराणमार्गे आला. आणि अस्तराला नाक मुरडणाऱ्यांना शाळेच्या पुस्तकातली 'अभिस्तर ऊती', म्हणजे अस्तराच्याच पेशींचा थर, चालते. तीही स्तृचीच लेक!

माझं तर म्हणणं, आतड्याला शिंप्याचाच शब्द हवा. योहान कोनराड पेयर यांनी १६७७ मध्ये लहान आतड्यातले जे पॅच, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके, वर्णिले, ती ठिगळंच की. त्यांच्यावरच्या अस्तरात एम पेशी असतात, आतड्यातले जंतू उचलून खाली पोचवणाऱ्या, आणि एम पेशीला अस्तराखालच्या बाजूने चक्क खिसा असतो. त्यात लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, बसतात. त्यांतला बी हा प्रकारच नसलेल्या उंदरांत एम पेशीच कमी होतात, म्हणजे खिशात बसणाऱ्यांचाच शिवणकामात हात! जंत झाले तर अस्तराखालच्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१३ नावाचं निरोप्या प्रथिन सोडतात, आणि मूळपेशींपासून टफ्ट नि गॉब्लेट पेशी जास्त तयार होऊ लागतात. टफ्ट म्हणजे जंतांची चाहूल घेणाऱ्या, गॉब्लेट म्हणजे चिकट स्राव करणाऱ्या.

हां, तुझं 'घडवतात'. 'आकार देतात' नकोच, पेशी गोल की चौकोनी असं वाटेल. 'विकास घडवतात' चालेल, पण सरकारी वाटतं. नवी पेशी मूळपेशीच काढते, बाकीच्या फक्त ऑर्डर देतात. तेव्हा लिही: 'आतड्याच्या अस्तरात कोणत्या पेशी किती घडायच्या, यात रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हात असतो.'