डेन्मार्क पवनऊर्जेत इतका पुढे कसा गेला? आपण त्यातलं काय घ्यावं?

जेमतेम साठ लाख लोकसंख्येच्या डेन्मार्कला पवनऊर्जेत एवढी मजल कशी मारता आली, असं तुम्ही विचारलंय. बरेच जण वाऱ्याकडे आणि पैशाकडे बोट दाखवतात. पण वारा ब्रिटनकडेही भरपूर आहे आणि पैसा जर्मनीकडे कितीतरी जास्त. माझ्या मते खरी गोष्ट मालकीची आहे. तिथल्या पवनचक्क्या सुरुवातीपासून आसपासच्या लोकांच्या होत्या.

1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची 90 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तेलावर चालायची. रविवारी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घालावी लागली. सरकारचा ओढा अणुविजेकडे होता, पण लोकांचा विरोध इतका वाढला की 1985 मध्ये संसदेने तो पर्याय नियोजनातूनच वगळला. तोवर सुतार आणि शेतीची अवजारं बनवणारे कारखाने पवनचक्क्या घडवायला लागले होते. आजची मोठी पवनचक्की कंपनी वेस्टास त्यातलीच.

सरकारने इथे एक फार शहाणपणाचं काम केलं. 1978 मध्ये रिसो या संशोधन संस्थेत पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र उभं केलं आणि पुढच्या वर्षी पवनचक्कीच्या किमतीवर 30 टक्के अनुदान जाहीर केलं. पण ते मिळायचं फक्त रिसोने पास केलेल्या यंत्राला. तकलादू माल बाजारात टिकलाच नाही. नुसती सबसिडी वाटली असती तर हे झालं नसतं.

मालकी म्हणजे नेमकं काय, ते कोपनहेगनसमोरच्या समुद्रातल्या मिडलग्रुंडेनवर दिसतं. आधी तिथे तीन रांगांत 27 पवनचक्क्या लावायचं ठरलं होतं. जनसुनावणीत लोकांनी हरकती घेतल्या आणि शेवटी एकाच बाकदार ओळीत 20 उभ्या राहिल्या. 2000 साली त्या सुरू झाल्या. निम्मी मालकी वीज कंपनीची, निम्मी साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेची. एक वाटा 4250 क्रोनरचा, म्हणजे वर्षाला 1000 युनिट विजेचा. पातं फिरलं की आपल्या खात्यात काही जमा होणार, हे माहीत असलेला माणूस पवनचक्कीच्या आवाजावरून सहसा कोर्टात जात नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. वारा पडला की डेन्मार्क नॉर्वेची जलविद्युत घेतो; आपल्याला भूतान-नेपाळची जलविद्युत मिळते, पण आपल्या गरजेच्या मानाने ती थोडीच. पुढे मोठ्या कंपन्या आल्या तसा सहकाराचा जोर ओसरला. डिसेंबर 2024 मध्ये तर उत्तर समुद्रातल्या पवनप्रकल्पांसाठी डेन्मार्कने काढलेल्या मोठ्या लिलावाला एकही बोली आली नाही.

आता आपल्याकडे. मी साताऱ्याचा. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, पवनचक्क्या आल्या त्या मुख्यतः घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्राची किंमत उत्पन्नातून लवकर वजा करू देणाऱ्या, करसवलतीपायी. पैसे घालणारे दूरच्या शहरांतले, जमीन इथली. वीज किती तयार झाली यापेक्षा कर किती वाचला याला महत्त्व होतं. ठोसेघरच्या वाटेवर त्या दिसतात तेव्हा मला अजून वाईट वाटतं, कारण गावोगावी साखर कारखाने आणि दूध संघ काढणाऱ्या जिल्ह्यात एवढी मोठी गोष्ट सहकाराशिवाय झाली.

2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा-गॅसखेरीजच्या स्रोतांची झाली. ही मोठी मजल आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण प्रत्यक्ष वापरतो ती वीज अजून बहुतांशी कोळशाची, म्हणजे अजून खूप पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहायचे आहेत, आणि त्यांना जमीन गावांचीच लागणार आहे.

म्हणून एकच गोष्ट घ्यायची तर मी डेन्मार्कचा 2009 चा नियम घेईन. नव्या प्रकल्पातले किमान 20 टक्के वाटे साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना आधी देऊ करायचे, असं बंधन त्यात होतं. सड्यावरची जुनी यंत्रं उतरवून मोठी बसवायची वेळ आलीच आहे. त्या परवानगीतच ही अट घाला, आणि ज्यांच्याकडे रोख नाही त्यांना जिल्हा बँकेने वाट्यापुरतं कर्ज द्यावं.