मेफेड्रोनने गुंगी कुठे येते?

कोथरूडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: पुण्यातल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत कधी 'अमली पदार्थ', कधी 'अंमली', कधी 'मादक द्रव्ये', तर कधी 'गुंगीकारक औषधिद्रव्ये' असे वाचायला मिळते. यांत फरक आहे का? आणि ज्या मेफेड्रोनने रात्र-रात्र झोप उडते, ते गुंगीकारक कसे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरी मेख तिथेच आहे. 'गुंगीकारक' हा शब्द कोणी बोलत नाही. तो कायद्यातून आला. आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो त्या १९८५च्या कायद्याचे मराठी नाव लांबलचक आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ. 'नार्कोटिक'च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द बधिरतेचा, म्हणून मराठीत गुंगी आली. अफूच्या बाबतीत ती चपखल बसते. अफूतले मॉर्फिन मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे रिसेप्टर्सना, चिकटते. वेदना बोथट होते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास मंदावतो. मात्रा फार झाली तर माणूस दगावतो तो श्वास थांबूनच.

पण कायद्याने त्याच खान्यात कोकेनही घातले, आणि कोकेन तर उत्तेजक. म्हणजे कायद्यातला 'गुंगीकारक' हा परिणाम सांगत नाही, यादी सांगतो. मेफेड्रोन त्या यादीतही नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये ते कायद्याखाली आले, ते दुसऱ्या भागात. शरीरात त्याचे काम अफूच्या अगदी उलट: मेंदूतली डोपामिन, सेरोटोनिन ही रसायने उसळतात, ठोके वाढतात, बाहुल्या विस्फारतात, झोप आणि भूक पळते. तेव्हा त्याला गुंगीकारक म्हणणे वैद्यकाच्या हिशेबाने चूक, आणि कायद्याच्याही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हापासून मेफेड्रोन हा शब्द इथे घरोघरी माहीत झाला. आता तरी तो नीट खान्यात बसवायला हरकत नाही.

मग सगळ्यांना मिळून काय म्हणायचे? माझे मत 'अंमली पदार्थ'. अरबी 'अमल' म्हणजे कृती, कारभार. मराठीत त्याची सत्ता झाली, पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. आणि नशेचाही अंमलच चढतो आणि उतरतो. राजस्थानात तर 'अमल' म्हणजे थेट अफू. या शब्दाची गंमत अशी, की माणूस पेंगतो की थयथयाट करतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ताबा दुसऱ्याकडे गेला, एवढेच तो सांगतो. अफू, कोकेन, मेफेड्रोन, एलएसडी सगळे त्यात मावतात. पोटविभाग हवेच असतील तर गुंगी आणणारे, उत्तेजक आणि भ्रम निर्माण करणारे असे सरळ म्हणावे. गांजाला मात्र यांतला कुठलाच खाना धड पुरत नाही.

अनुस्वार? मुळात नाही, पण आपण उच्चार 'अम्मल' करतो आणि अंमलदार, अंमलबजावणी अनुस्वारानेच लिहितो. मी 'अंमली' लिहितो. 'मादक' चुकीचा नाही, पण सिनेमाच्या पानांनी तो इतका वापरला आहे, की पंचनाम्यात शोभत नाही.

बोलीतला 'गर्द' मात्र अस्सल. फारसीत गर्द म्हणजे धूळ. ब्राऊन शुगरची, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची, भुकटी पाहिली की नाव का पडले ते कळते. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते याच गर्दच्या दिवसांत. त्यातून 'गर्दुल्ला' आला आणि आता कुठल्याही व्यसन्याला चिकटतो.

न विचारलेला एक शब्द सांगतो: 'सदृश'. पंचनाम्यात 'मेफेड्रोनसदृश पांढरी पावडर' असे लिहितात. ही पोलिसी भाषेची खोड नव्हे. जागेवरची चाचणी रंगाची असते. मार्क्विस द्रावणाचा, म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाचा थेंब टाकला, की हेरॉइन जांभळे होते, अ‍ॅम्फेटामिन नारिंगी-तपकिरी. पण एकच रंग अनेक पदार्थ देतात. एमडीएमएही गडद जांभळ्यावरून काळ्यावर जाते. म्हणून मुद्देमालाचा नमुना सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. पुण्याची गणेशखिंडीत आहे. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफने मिश्रणातले घटक सुटे होतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणूचे तुकडे कसे पडतात त्यावरून पदार्थ ओळखतात. पोलीस ज्याला 'सीए रिपोर्ट', म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल, म्हणतात तो हा. तो हातात आला की 'सदृश' गळतो. बातमीत मात्र तो पहिल्याच दिवशी गळालेला असतो, आणि 'गुंगीकारक'पेक्षा मला ती चूक मोठी वाटते.