एप्रिलमध्ये मरिनर्सच्या रन्स होत नाहीत: संघच वाईट आहे की अजून थांबायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन बेसबॉलमधल्या सिएटल मरिनर्सचे वीस-पंचवीस सामने झाले, पिचर तीन रन्सच्या वर देत नाहीत तरी संघ हरतो, निम्म्या फलंदाजांचं ॲव्हरेज .२०० च्या आसपास घोटाळतंय. मग चिडावं की धीर धरावा?

चिडायचं तर स्ट्राइकआउटवर चिडा, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होतो त्यावर. ॲव्हरेजकडे मात्र मेच्या मध्यापर्यंत बघूही नका.

क्रिकेटची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. बेसबॉलचं ॲव्हरेज म्हणजे वॉक (चार चेंडू झोनबाहेर पडल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) वगळून जितक्या वेळा बॅटिंगला आला त्यातल्या किती वेळा हिट मारली, म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर पोचला, एवढंच. .२६० चा खरा फलंदाज घ्या. पंचवीस-सव्वीस सामन्यांत त्याच्या साधारण १०० पाळ्या होतात आणि २६ हिट अपेक्षित असतात. पण नशिबाच्या चढउतारानेच त्याला १९ किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता सुमारे ७ टक्के असते. असे नऊ जण एका संघात असले, तर त्यातला निदान एक जण एप्रिलअखेर .२०० च्या खाली असण्याची शक्यता जवळपास निम्मी! कोणाचंही काही बिघडलेलं नसताना. .२६० आणि .२२० यांत १०० पाळ्यांमागे फक्त चार हिट्सचा फरक आहे, म्हणजे आठवड्याला एक.

‘दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणूस असताना हे मारतच नाहीत’ ही तक्रार तर याहून कच्च्या आकड्यावर उभी असते. अशा पाळ्या अख्ख्या संघाला मिळून सामन्यात साधारण आठच येतात. त्यावरून कोण दबावाखाली कोसळतो हे ठरवणं मला पटत नाही.

याउलट स्ट्राइकआउटचं प्रमाण लवकर स्थिरावतं, म्हणजे त्यावर भरवसा ठेवता येतो: सुमारे ६० पाळ्यांत, म्हणजे जेमतेम पंधरा सामन्यांत. वॉकला साधारण १२० लागतात. ॲव्हरेजला ९०० च्या आसपास, म्हणजे पूर्ण हंगामही अपुरा. लीगमध्ये साधारण २२-२३ टक्के पाळ्या स्ट्राइकआउटने संपतात आणि ८ टक्क्यांच्या आसपास वॉकने. तुमचा संघ एप्रिलअखेर २६-२७ टक्क्यांवर असेल तर ते दुखणं खरं आहे, ऊन पडल्याने जाणार नाही.

सिएटलमध्ये हे दोन्ही प्रकार पाहून झालेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये हूलियो रोड्रिगेझ .२०५ वर होता, एकही होम रन (षटकारासारखा थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) नाही. पहिला होम रन १ मे रोजी लागला. हंगाम संपला तेव्हा २८ होम रन, .२८४ आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. त्या एप्रिलमध्ये त्याचे स्ट्राइकआउट ३० होते हे खरं, पण त्यांतले काही झोनबाहेरच्या (फलंदाजाच्या टप्प्यातल्या ठरलेल्या चौकटीबाहेरच्या) चेंडूंना अंपायरने स्ट्राइक दिल्यामुळे झाले होते. म्हणून नुसता आकडा घेऊन थांबू नका. झोनबाहेरच्या किती चेंडूंवर तो बॅट फिरवतोय हेही बघा.

२०२४ ची गोष्ट वेगळी. तेव्हा संघाचं ॲव्हरेज .२२४ राहिलं आणि १,६०० हून अधिक स्ट्राइकआउट झाले, अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीग धरून सर्वाधिक. जूनमध्ये डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, १० सामन्यांची आघाडी होती, ती विरघळली. ऑगस्टमध्ये ६४ विजय-६४ पराभवांवर मॅनेजर स्कॉट सर्व्हेसला काढलं, बॅटिंगची सूत्रं संघाचा जुना नामवंत फलंदाज एडगर मार्टिनेझकडे आली, पुढे २१-१३ अशी कामगिरी झाली. तरी एका विजयाने प्लेऑफ हुकला. इतकी चांगली पिचिंग वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं. तो वैताग रास्तच होता.

आता मरिनर्सच्या घरच्या मैदानाबद्दल. लोक म्हणतात, समुद्राची दमट हवा जड असते म्हणून बॉल पडतो. हे उलटं आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. बॉल अडतो तो थंडीमुळे आणि मैदान समुद्रसपाटीला असल्यामुळे. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की ४०० फूट जाणारा बॉल साधारण ३ फूट कमी जातो. एप्रिलच्या रात्री पारा ५० च्या आसपास, ऑगस्टमध्ये ७५, म्हणजे ८ फुटांचा फरक. होम रन भिंतीजवळ कॅच होतो तो यातच. टी-मोबाइल पार्कचं छप्पर छत्रीसारखं आहे, बाजू उघड्या, त्यामुळे ते बंद केलं तरी आत ऊब येत नाही. शिवाय या मैदानावर स्ट्राइकआउटही इतर ठिकाणांपेक्षा जास्त होतात. म्हणून घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा.

बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर हे सगळे आकडे फुकट मिळतात. तिथे ‘हार्ड हिट’ बघा, म्हणजे ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगाने बॅटवरून सुटलेले फटके. लीगमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जरा खाली असतं. त्याच पानावर एक्स-वोबा आहे, फटक्याच्या वेगावरून आणि कोनावरून काढलेली अपेक्षित कामगिरी. वोबा (हिट, वॉक, होम रन यांना त्यांच्या मोलाप्रमाणे वजन देऊन काढलेली प्रत्यक्ष कामगिरी) खाली आणि एक्स-वोबा वर दिसलं की लोक ‘कमनशिबी’ म्हणून मोकळे होतात. पण त्या गणितात तापमान आणि मैदान धरलेलं नसतं. सिएटलच्या एप्रिलमध्ये या फरकाचा काही भाग हवेचाच असतो, तो परत मिळेल तो उन्हाळ्यात किंवा ॲरिझोना-टेक्सासच्या दौऱ्यात.

म्हणजे आत्ता असं करा: रोज खेळणाऱ्या नऊ जणांचं स्ट्राइकआउटचं प्रमाण लिहून ठेवा, शेजारी प्रत्येकाचं मागच्या हंगामाचं. ज्याचं पाच-सहा टक्क्यांनी चढलंय आणि हार्ड हिटही घसरलंय, त्याच्याबद्दल काळजी करा. असे दोघे निघाले तर तो नुसता एप्रिलचा खेळ समजा. पाच निघाले तर कोचच्या नावाने ओरडायला माझी हरकत नाही.