विमान घिरट्या घालत होतं तेव्हा...

प्रश्न : उतरता उतरता आमचं विमान पुन्हा वर गेलं. ‘चाकांबाबत तांत्रिक अडचण’ एवढंच कॅप्टन बोलले आणि मग अर्धा तास नुसत्या घिरट्या. उतरल्यावरही विमान धावपट्टीवरच थांबलं, ट्रॅक्टरनं ओढून नेलं. अडचण खरी होती तर लगेच का नाही उतरवलं?
– एक वाचक

उत्तर : त्या अर्ध्या तासाबद्दल मी त्या कॅप्टनला शाबासकीच देईन.

चाक खाली येऊन लॉक झालं की कॉकपिटमध्ये त्याचा हिरवा दिवा लागतो. तुमच्या विमानात बहुधा एखादा लागला नसावा. अशा वेळी आधी ठरतं ते, विमान कोण सांभाळणार. एकानं फक्त उडवायचं. दुसऱ्यानं चेकलिस्ट मोठ्यानं वाचायची. २९ डिसेंबर १९७२ ला मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचं ट्रायस्टार विमान पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून असंच फिरत होतं. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले आणि ऑटोपायलटनं उंची सोडलीय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. विमान दलदलीत कोसळलं, १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली होतं हो, बल्ब गेला होता!

आता तुमच्या घिरट्या. एअरबस ए३२० मध्ये चाकांची खबर दोन वेगवेगळे संगणक देतात, त्यामुळे दिवा खोटं बोलतोय का ते आधी कळतं. चाक खरोखरच आलं नसेल, तर दोन्ही वैमानिकांच्या मधे, जरा मागे एक हँडल असतं. ते तीनदा फिरवलं की कुलपं सुटतात आणि चाकं आपल्याच वजनानं खाली येतात. मेख पुढेच आहे. अशी सोडलेली चाकं हवेत असताना पुन्हा वर घेत नाहीत, आणि चाकं लोंबत असली की इंधन भसाभस जळतं. तेव्हा हँडलला हात लावण्याआधीच सगळा हिशेब हवा : उतरायचं कुठे, हवामान टिकेल का, इथे नाहीच जमलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत इंधन पुरेल का. एटीसीशी (जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी) बोलणं, केबिन क्रूला तयार करणं, खाली अग्निशमनाच्या गाड्या उभ्या राहणं हे त्यातच आलं. अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

ट्रॅक्टरचं म्हणाल, तर हँडल वापरल्यावर बऱ्याच विमानांत पुढच्या चाकाचं स्टिअरिंग चालत नाही. वळताच येत नसेल तर ओढून नेण्याशिवाय काय करणार?

घोषणा त्रोटक होती, ही तक्रार मात्र रास्त. प्रवाशांशी बोलण्याचा नंबर शेवटी लागतो हे खरं, पण लागल्यावर नीट बोलावं. मी बिघाडाचं वर्णन करत बसायचो नाही. अजून किती वेळ लागेल ते आधी सांगायचो. आणि ‘दहा मिनिटांनी पुन्हा बोलतो’ म्हटलं की दहा मिनिटांनी बोलायचोच, नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरी.
– निवृत्त वैमानिक